वळलेली सात पॅनल : बडोद्याच्या एका गणेशोत्सवी पडद्याच्या नोंदी

२ ऑगस्ट २०२५, शनिवार

दांडिया बाजारातल्या मंडळाचे सेक्रेटरी काका सकाळीच घरी आले. चहा होईपर्यंत पावसाच्या गप्पा, चहा आला की गणपती. यंदा चतुर्थी २७ तारखेला, म्हणजे हातात पंचवीस दिवस. स्टेजमागे एलईडी वॉल लावायची ठरली आहे. आरतीआधी त्यावर मराठी माणसाच्या बडोद्याबद्दल चार मिनिटांचं काहीतरी हवंय. साडेतीन मिनिटं साधी निवेदनाची, पण मधली तीस सेकंदं त्यांना "भारी" हवीत.

"अरे, निवडणुकीच्या निकालाला टीव्हीवर असतात ना वाकडे वाकडे पडदे, आत व्हिडिओ चालू असतो. तसं कर."

"गोल पडदे का, काका?"

"गोल नाही रे. वाकडे. आपल्याला मिठीत घेतल्यासारखे."

यापेक्षा चांगलं ब्रीफ मला पैसे देणाऱ्या क्लायंटकडून कधी मिळालेलं नाही. वहीत उतरवलं: पॅनल आतल्या बाजूला वळलेली, कडा प्रेक्षकाकडे, पोट मागे. पैशांचं विचारल्यावर काका म्हणाले, बाप्पाचं काम आहे. हो म्हटलं.

स्क्रीनची साइझ विचारायला त्यांनी एलईडीवाल्याला फोन लावून स्पीकरवर टाकला. "फुल एचडी आपी दो, बधुं चालशे." १९२० बाय १०८० लिहून घेतलं.

३ ऑगस्ट, रविवार

सात पॅनलमध्ये काय जायचं ते ठरवायला भाच्याला बोलावलं. तो फाइन आर्ट्सला शिकतो आणि मला मामा म्हणतो, पण बोलतो सरांसारखं. यादी अशी निघाली: मांडवी दरवाजा, सूरसागर तलाव, कलाभवन, मध्यवर्ती ग्रंथालय, कीर्तिमंदिर, सयाजीबाग आणि डभोईची छोटी रेल्वे.

कलाभवन मी हट्टाने घेतलं. १८९० साली सुरू झालेल्या या संस्थेत दादासाहेब फाळके शिकून गेले. चित्र, मॉडेलिंग, फोटोग्राफी असं सगळं हाताळलं आणि १९१३ला 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. बडोद्यात बसून व्हिडिओचं काम करणाऱ्याने त्यांना पॅनल दिलं नाही तर कोणाला द्यायचं?

रेल्वेचं चित्रीकरण मिळणं शक्यच नाही. १८६२ साली डभोई ते मियागाम हा रूळ पडला तेव्हा गाडी ओढायला बैल होते, इंजिन नव्हे. भाचा म्हणाला, बैल मी काढतो, बारा ड्रॉइंगांत चालवून दाखवतो. त्याच्यावर सोपवलं.

बाकीचं शूट फोनवर. फोनचा फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, एकसारखा नसतो, कधी २९, कधी ३०. टाइमलाइनवर टाकण्याआधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून सगळं कायम २५वर आणून ठेवलं. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून लोक टाळतात आणि मग कार्यक्रमाच्या दिवशी आवाज पुढे, ओठ मागे.

५ ऑगस्ट, मंगळवार

आफ्टर इफेक्ट्स, म्हणजे व्हिडिओवर करामती करायचं सॉफ्टवेअर, उघडलं. सगळ्यात आळशी उपाय आधी: बेझिअर वॉर्प, कडा ओढून चित्र वाकवणारा इफेक्ट. चार कोपरे, प्रत्येकाला दोन लगामं, एकूण बारा बिंदू. मांडवीच्या शॉटची वरची कड हसरी केली, खालची रडकी, दोन्ही बाजूंच्या कडा थोड्या उंच. दहा मिनिटांत पॅनल वळलेलं दिसायला लागलं. स्क्रीनशॉट काकांना पाठवला, त्यांचा अंगठा आला.

मग कॅमेरा लावून थोडा बाजूला सरकवला आणि मजा संपली. पॅनल पुठ्ठ्यासारखं सपाटच्या सपाट फिरलं. वळण चित्रात काढलेलं होतं, वस्तूत नव्हतं. जत्रेतल्या फोटोवाल्याकडच्या रंगवलेल्या विमानासारखं, समोरून विमान आणि बाजूला गेलं की पडदा.

दुसरी खोट बारकाईने बघितल्यावर दिसली. खरंच वळलेल्या पृष्ठावर कडेकडची कमान डोळ्याला अरुंद दिसायला हवी, कारण तो भाग तिरका उभा असतो. इथे मधली कमान आणि कडेची कमान सारख्याच रुंदीच्या. म्हणूनच एकटक पाहिलं की काहीतरी खटकत होतं.

फाइल ठेवून दिली.

६ ऑगस्ट, बुधवार

सीसी सिलिंडर, चित्र नळकांड्यावर गुंडाळणारा इफेक्ट. दुपारभर झटापट केली, हाती काही नाही. हा इफेक्ट लेयर पूर्ण ३६० अंशांत गुंडाळतो. मला पॅनलला वीस अंशांचाच तुकडा हवाय, म्हणजे ९६० पिक्सेल रुंदीच्या व्हिडिओभोवती रिकामी जागा भरत कॉम्प (ज्या चौकटीत सगळे लेयर मांडतात ती) १७,२८० रुंदीचा करायचा. केला. मशीन दम्याच्या पेशंटसारखं बोलायला लागलं. वर कॉम्पमधला कॅमेरा या इफेक्टला दिसतच नाही, त्याचं फिरणं त्याच्या स्वतःच्या आकड्यांतून. बंद केलं.

(सीपीयू अजून टेबलावरच आहे. गेल्या ऑगस्टात विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हापासून तो खाली ठेवायची हिंमत होत नाही.)

८ ऑगस्ट, शुक्रवार

आज घरी नारळीभात आणि माझ्याकडे त्रिकोणमिती.

विचार असा: पॅनल वाकवायचंच नाही. उभ्या पट्ट्या कापायच्या, प्रत्येक पट्टी सपाटच, पण वर्तुळाच्या कडेवर थोडी थोडी वळवत ठेवायची. पिंप कसं सरळ फळ्यांचं असतं आणि तरी गोल दिसतं, तसं. ९६० रुंदीच्या चाळीस-चाळीस पिक्सेलच्या चोवीस पट्ट्या. चाचणीला वळण ठळक दिसावं म्हणून एकूण ६० अंश घेतले, म्हणजे दर पट्टीला अडीच अंश.

त्रिज्या मनाने घ्यायची नाही, हा आजचा धडा. कमानीवरून मोजलेली लांबी मूळ व्हिडिओच्या रुंदीइतकीच राहिली पाहिजे, नाहीतर पट्ट्यांमध्ये फटी पडतात किंवा पट्ट्या एकमेकींवर चढतात. रुंदी भागिले कोन, कोन रेडियनमध्ये. ६० अंश म्हणजे १.०४७, म्हणून ९६० भागिले १.०४७ म्हणजे ९१७. या त्रिज्येवर पॅनलचं पोट कडांपेक्षा १२३ पिक्सेल मागे जातं आणि समोरून टोक ते टोक सरळ मोजलं तर ९६०चं ९१७ होतं. ते हरवलेले ४३ पिक्सेल म्हणजेच वळण. परवा बेझिअरमध्ये मी एकही पिक्सेल हरवू दिला नव्हता, तिथेच चुकलो.

एक्स्प्रेशन, म्हणजे लेयरची जागा ठरवणारं सूत्र, लिहिली: पट्टीचा क्रमांक घ्यायचा, त्यावरून कोन, कोनाच्या साइनवरून आडवी जागा, कोसाइनवरून खोली, आणि तोच कोन उभ्या अक्षाभोवतीच्या फिरण्याला. चोवीस लेयरांवर चिकटवली. बघतो तर मधलं चित्र झकास आणि कडांना सगळं चिरफळलेलं, खिडकीच्या उघड्या व्हेनिशियन पडद्यासारखं. प्रत्येक पट्टी शेजारणीकडे पाठ करून उभी.

जेवायला हाक आली. तसंच सोडून उठलो.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी. ताई आणि भाचा आले. भाच्याने खांद्यावरून एकदा बघितलं आणि म्हणाला, "मामा, मायनस."

फिरण्याच्या कोनाचं चिन्ह उलटं होतं. मध्यावर कोन शून्याजवळ असल्याने चूक दिसत नव्हती. टोकाला पट्टी ३० अंश एका बाजूला वळायच्या ऐवजी दुसऱ्या बाजूला ३०, म्हणजे चूक साठाची. वजाचं एक चिन्ह टाकलं आणि चोवीस पट्ट्या मिटून एक पॅनल झालं. ओवाळणीत मी ताईला द्यायच्या पाकिटातून शंभर रुपये भाच्याला दिले, मग ताईने ते माझ्याकडून परत घेतले.

त्या चुकीच्या पडद्यावरून एक आठवण निघाली. १९५२ साली न्यूयॉर्कला सिनेरामा सुरू झाला तेव्हा त्याचा पडदा १४६ अंशांत वळलेला होता आणि त्यावर तीन प्रोजेक्टर मिळून एक चित्र टाकत. इतका आत वळलेला पडदा एकसंध केला की डाव्या टोकावरचा उजेड उसळून उजव्या टोकावर पडतो आणि चित्र फिकं पडतं. म्हणून तो पडदा एकसंध नव्हताच. हजारावर उभ्या पट्ट्या, प्रत्येक प्रेक्षकाकडे तोंड करून तिरकी. म्हणजे काल माझ्या मॉनिटरवर जे चुकून झालं, ते त्यांनी मुद्दाम केलं होतं. आमच्या एलईडीला ही भानगड नाही, कारण वळण आमच्या चित्रात आहे, भिंत सपाट आहे.

पट्ट्यांच्या सांध्यांवर केसासारख्या बारीक काळ्या रेघा दिसतात. प्रत्येक पट्टी एक पिक्सेल जास्त रुंद कापून शेजारणीखाली सरकवली. गेल्या.

११ ऑगस्ट, सोमवार

आता सातही पॅनलांची मांडणी. प्रत्येक पॅनल २० अंश, मध्ये २ अंशांची फट, टोक ते टोक १५२ अंश. (सिनेरामापेक्षा सहा अंश जास्त. काकांना सांगितलं, त्यांनी लगेच ते निवेदनात घालायचं म्हटलं. मी नको म्हटलं.) २० अंशांना ९६० रुंदी म्हणजे त्रिज्या २७५०.

कॅमेरा बरोबर वर्तुळाच्या केंद्रात ठेवला, नलला (न दिसणाऱ्या आधाराच्या लेयरला) बांधला आणि पहिल्या पॅनलपासून सातव्यापर्यंत वळवला. वीस सेकंद. प्रीव्ह्यू बघून मी आणि भाचा दोघंही गप्प.

सगळं बिनचूक आणि काहीच दिसत नाही. पॅनल एकामागून एक सरकतायत, बस. सपाट पट्टीवर सात फोटो चिकटवून डावीकडे ओढले असते तरी हेच दिसलं असतं.

रात्री जेवताना कारण लक्षात आलं. केंद्रातून प्रत्येक पॅनल सारख्याच अंतरावर, प्रत्येक पॅनल आपल्याकडेच तोंड करून. पुढचं-मागचं असं काही उरतच नाही. डोळ्याला खोली कळते ती जवळचं भरकन आणि लांबचं सावकाश सरकतं यावरून, आणि इथे सगळंच एका वेगाने. ज्या एका बिंदूवरून गणित सगळ्यात स्वच्छ, तिथूनच वळण गायब. देवाला प्रदक्षिणा घालताना मूर्तीची बाजू, पाठ, पुन्हा बाजू दिसते, मूर्तीच्या जागी उभं राहून हे कसं दिसणार?

ताटावरून उठून कॅमेरा केंद्राच्या ११०० मागे नेला. मधलं पॅनल ३८५० वर गेलं, टोकाची पॅनल ३२००च्या आसपास. लगेच वाटी तयार झाली. तीन पॅनल पूर्ण दिसतात आणि दोन्ही बाजूंना पुढच्या पॅनलची कड फ्रेममध्ये डोकावते. ती डोकावणारी कडच सगळं काम करते. मग कॅमेरा वळता वळता मागून पुढे, केंद्र ओलांडून मांडवीकडे झुकवला. केंद्रावरून जाताना अर्धा सेकंद सगळं सपाट होतं आणि पुन्हा फुलतं. ते ठेवलं. भाच्याला ते श्वास घेतल्यासारखं वाटतं, मला नशिबाने जमल्यासारखं.

वेगही कमी केला. केंद्रातून वीस सेकंदांत दर फ्रेमला जवळजवळ नऊ पिक्सेलची उडी होत होती, पॅनलच्या उभ्या कडा थडथडत होत्या. तीस सेकंदांत सहा. काकांनी तीस सेकंदंच मागितली होती.

१३ ऑगस्ट, बुधवार

सात पॅनल गुणिले चोवीस पट्ट्या म्हणजे १६८ लेयर. टाइमलाइन स्क्रोल करताना माझं बोट दुखतं आणि मशीनचा जीव जातो. आज सिनेमा फोरडी रेंडररवर गेलो. त्यात थ्रीडी लेयरखाली जॉमेट्री ऑप्शन्स उघडतात आणि साध्या व्हिडिओ लेयरलाही कर्व्हेचर (किती वळायचं) आणि सेगमेंट्स (किती तुकड्यांत वळायचं) हे दोन आकडे मिळतात. म्हणजे पॅनल सॉफ्टवेअरच वाकवतं.

मग आठवडाभर पट्ट्या का कापल्या? कारण कर्व्हेचर टक्क्यांत आहे. किती टक्के म्हणजे वीस अंश, ते तो सांगत नाही. माझं पट्ट्यांचं पॅनल मोजूनमापून केलेलं होतं, ते अर्धपारदर्शक करून वर ठेवलं आणि खालच्या लेयरचं कर्व्हेचर ते तंतोतंत जुळेपर्यंत वाढवत गेलो. शिंपी जुना सदरा पसरून नवा बेततो तसं. जुळल्यावर १६८ पट्ट्या बंद केल्या. फाइलमध्ये आहेत, पुसलेल्या नाहीत.

सेगमेंट्स कमी होते तेव्हा पॅनलला कोपरे पडत होते, वाढवले.

या रेंडररची पथ्यं आहेत. ट्रॅक मॅट (एका लेयरच्या आकाराने दुसरा कापणं) चालत नाही, ब्लेंड मोड (लेयर एकमेकांत मिसळायच्या पद्धती) चालत नाहीत. पॅनलांचे गोल कोपरे मी मॅटने कापले होते, ते सगळे चौकोनी झाले. उपाय सोपा: प्रत्येक व्हिडिओचा वेगळा प्रीकॉम्प (कॉम्पच्या आतला कॉम्प), कोपरे तिथेच कापायचे, बाहेर तयार कापलेलं चित्र आणायचं. कडेची चमक स्क्रीन मोडवर होती, ती रेंडर झाल्यावर वरच्या कॉम्पमध्ये टाकणार.

प्रीकॉम्प ९६० बाय ५४० ठेवले. भाच्याचा आग्रह होता की सगळं फोरके ठेवू. केंद्रातून बघितलं तर पॅनल फ्रेममध्ये ६७० पिक्सेलचं दिसतं, मागून बघितलं तर त्याहून लहान. फोरके कोणासाठी?

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन करून, रावपुऱ्यातून शेवउसळ खाऊन बसलो ते मथळ्यांना. हे काम दोन तासांचं धरलं होतं, दिवस गेला.

प्रत्येक पॅनलच्या खालच्या कडेला नाव आणि एक ओळ. "मध्यवर्ती ग्रंथालय, १९१०", "सयाजीबाग, १८७९" असं. अक्षरं पॅनलच्याच प्रीकॉम्पमध्ये टाकली म्हणजे तीही वळतील. वळली, आणि भयंकर दिसली.

आपल्या लिपीला शिरोरेषा आहे. रोमन अक्षरं सुटी असतात, ओळ थोडी वाकली तर प्रत्येक अक्षर आपापलं सांभाळून घेतं. "मध्यवर्ती ग्रंथालय" म्हणजे दोन फूटपट्ट्या ठेवल्यासारखं. वळणातला प्रत्येक दोष त्या रेषेवर उमटतो. मी सेगमेंट्स पुरेसे वाढवलेत असं मला वाटत होतं, शिरोरेषेने दाखवलं की तीन ठिकाणी अजून मोड आहेत. चित्रात कोणाला दिसले नसते. यापुढे कुठलंही वळण तपासायला आधी मराठीत एक लांब शब्द टाकून बघणार.

मोड गेल्यावर दुसरी गोष्ट. उभ्या नळकांड्यावरची आडवी रेषा कॅमेऱ्याच्या उंचीवर असेल तरच सरळ दिसते. उंचीच्या वर गेली की दोन्ही टोकं वर, हसू. खाली गेली की टोकं खाली, उतरलेलं तोंड. कारण कडा जवळ आहेत, जवळचं मध्यरेषेपासून जास्त लांब पडतं. माझे मथळे खालच्या कडेला, म्हणून सात पॅनलांवर सात पडलेले चेहरे. मंगलकार्याच्या पडद्यावर.

मथळे वर नेले तर हसतात, पण मांडवीच्या टोकावर चढतात. कॅमेरा खाली नेला तर मथळे सरळ, पण पॅनल अंगावर आल्यासारखी. शेवटी मथळे पॅनलमधून काढले आणि बाहेरच्या कॉम्पमध्ये सपाट ठेवले. समोर येणाऱ्या पॅनलचाच मथळा दिसतो, बाकी वेळ नाही. वळणावर अक्षरं चढवायचा मोह होतो, पण वाचायचं ते सरळ असावं हेच बरं.

काकांना ग्रंथालयाच्या पॅनलवर एक वाक्य जास्त हवं होतं: तिथे पुस्तकांच्या मजल्यांना काचेच्या फरश्या आहेत, वरचा उजेड खाली झिरपतो. घातलं.

भाच्याचे बैल आले. बैल पॅनलच्या डाव्या कडेने शिरतात आणि उजवीकडे जातात. शिरताना अरुंद, मध्ये भरदार, जाताना पुन्हा अरुंद. सातांतलं सगळ्यात वळलेलं वाटणारं पॅनल हेच. सूरसागरचं पाणी जागच्या जागी हलतं, तिथे वळण कळायला कॅमेऱ्याची मदत लागते. इथे कॅमेरा थांबला तरी बैल वळण दाखवत चालतात. हे आधी कळलं असतं तर मांडवीखालून एक रिक्षा आरपार जाताना घेतली असती.

१८ ऑगस्ट, सोमवार

छायाप्रकाश. प्रत्येक पॅनलच्या दोन्ही कडांकडे हळूहळू काळोख, अगदी कडेला दोन पिक्सेलची उजळ रेघ, खाली जमिनीवर उलटं प्रतिबिंब, पाव उजेडाचं आणि विरत जाणारं. वीज दोनदा गेली, यूपीएसने एकदाच साथ दिली.

रेंडर: ७५० फ्रेम, फ्रेमला १४ सेकंद, तीन तासांना पाच मिनिटं कमी.

२१ ऑगस्ट, गुरुवार

काकांबरोबर मंडपात गेलो. कॅबिनेट, म्हणजे एलईडी भिंतीचे सुटे चौकोन, उतरवत होते. सहज एकाची मागची पट्टी वाचली: पी ३.९ (दोन दिव्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये), ५०० बाय ५०० मिलिमीटर. म्हणजे एका कॅबिनेटमध्ये १२८ बाय १२८ पिक्सेल. आडवी दहा, उभी पाच. मनातल्या मनात गुणाकार केला: १२८० बाय ६४०.

फुल एचडी कुठे आहे, विचारलं. "ए तो प्रोसेसर खेंची लेशे, बधुं चालशे."

खेचून घेणार यातच सगळं आलं. माझी फाइल सोळास नऊ, भिंत दोनास एक. खेचल्यावर उंची रुंदीच्या मानाने एक नवमांश कमी. मांडवी बसकी होईल, भाच्याचे बैल डुकरांसारखे दिसतील, आणि ज्या कमानीसाठी तीन आठवडे घालवले ती कमानच चपटी होईल. त्या माणसाशी भांडलो नाही. साइझ फोनवर विचारायची नसते, मोजून घ्यायची असते, हे मला माहीत होतं.

घरी येऊन पुन्हा रेंडर करावं लागेल का ते पाहिलं. नाही लागणार. १०८० उंचीतले वर ६० आणि खाली ६० कापले की १९२० बाय ९६० उरतं, ते नेमकं दोनास एक, आणि तिथून १२८० बाय ६४०. खालून फक्त प्रतिबिंबाची शेपटी जाते. मथळे वळणातून बाहेर काढलेले असल्याने तेवढे वर सरकवले. १५ तारखेचा वैताग असा कामी आला.

कडेची दोन पिक्सेलची रेघ मात्र लहान होताना लुकलुकायला लागली. चार केली.

२४ ऑगस्ट, रविवार

रात्री साडेनऊला भिंतीवर पहिली चाचणी. पाऊस थांबलेला, मंडपात ताडपत्रीतून थेंब.

माप बरोबर आलं. बैल बैलच. पण पॅनलच्या कडांना मी जो हळुवार काळोख केला होता, तो भिंतीवर हळुवार राहिला नव्हता. चार-पाच उभे पट्टे, एकापेक्षा एक काळे, पायऱ्या पायऱ्यांसारखे. वर्तुळाकार पॅनलऐवजी अकॉर्डियनचा भाता वाटत होता. मॉनिटरवर याचा मागमूस नव्हता. मंडपाच्या आत डोळे दिपू नयेत म्हणून ऑपरेटरने भिंतीचा उजेड बराच खाली आणला होता, आणि एलईडी मंद केला की गडद रंगांच्या मधल्या छटा त्याला जमत नाहीत, आठ बिटांच्या फाइलमध्ये त्या आधीच मोजक्या असतात.

तिथेच लॅपटॉप मांडीवर घेऊन दोन गोष्टी केल्या. काळोखाचा तळ वर उचलला, कडा काळ्याऐवजी गडद निळसर ठेवल्या. आणि सगळ्यावर दोन टक्के नॉइज टाकला, रांगोळीची चिमूट भुरभुरल्यासारखा. पायऱ्यांच्या रेषा त्यात विरघळल्या. जवळ जाऊन पाहिलं तर दाणे दिसतात. पण ३.९ मिलिमीटरच्या पडद्याजवळ चार मीटरच्या आत बसूच नये, तसं बसलं तर पॅनल काय, दिवेच दिसतात. पहिल्या रांगेत नेहमी मुलं बसतात, त्यांना दाणे बघू दे.

ऑपरेटरने चहा पाजला. तो आणंदचा आहे, त्याला मराठी सगळं कळतं.

२६ ऑगस्ट, मंगळवार

फाइल दिली. दोन पेन ड्राइव्हवर, एक काकांच्या खिशात.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. आरतीआधी लागलं. तीस सेकंदं येईपर्यंत मी मंडपाच्या खांबाला टेकून उभा होतो. कॅमेरा मागून पुढे आला, केंद्रावरून गेला, पॅनल एकदा सपाट झाली आणि पुन्हा उघडली. पहिल्या रांगेतली एक मुलगी उठली आणि भिंतीच्या कडेला जाऊन मागे डोकावून आली. परत येऊन शेजारणीला काहीतरी सांगितलं, मग तीही जाऊन आली.

डेकोरेशनवाल्याने काकांना विचारलं, एलईडी वळवून लावलाय का, त्याचे जास्त पैसे होतात.

३० ऑगस्ट, शनिवार

काकांचा फोन. उद्या गौरी येतायत, मंडपाच्या दारावर याच पॅनलांचा मोठा फ्लेक्स लावू या. "तसाच वाकडा दिसला पाहिजे हं."

"काका, फ्लेक्सला कॅमेरा नसतो. तो हलत नाही."

"मग सोपंच की."

रेंडरमधून एक फ्रेम काढून पाहिली. १९२० पिक्सेल, दहा फुटांवर ताणल्यावर नुसते दाणे. मांडवीचा मूळ फोटो मोठा आहे. ५ तारखेची बेझिअर वॉर्पची फाइल शोधतोय.